एक धरून बघ

माझा मामा गेल्या वर्षी अमेरिकेतून परत आला. सुट्टीवर नाही, कायमचा. आमच्याकडे ही बातमी आधी कुणी मनावरच घेतली नाही, कारण "अजून पाच वर्षं, मग परत" हे वाक्य मी बालवाडीत असल्यापासून ऐकतोय. पण एडिसनचं घर विकलं, गाड्या विकल्या आणि आठ बॅगा घेऊन मामा-मामी खरंच पुण्यात उतरले. त्यातली एक बॅग नुसती स्क्रू-ड्रायव्हर, पाने आणि ड्रिल मशीनची. हे सगळं इथे मिळतं, आणि स्वस्तात मिळतं, हे सांगून मी थकलो. असो.

मामा गेला १९९४ साली. कोबोलवाला माणूस. वायटूकेच्या धामधुमीत जे हजारो लोक तिकडे गेले, त्यातला एक. तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. "परत यायचं ठरवलं की रुपया पडायचा, मग वाटायचं अजून थोडं थांबू. असं थांबत थांबत एकतीस वर्षं गेली," हा मामाचा ठरलेला विनोद. मुलगा सिअ‍ॅटलला, मुलगी बॉस्टनला. दोघंही तिथलीच. मामा बासष्टचा, मामी अठ्ठावन्नची.

तर आता प्रश्न असा की राहायचं कुठे?

तुम्हाला सांगतो, या प्रश्नावर सल्ला द्यायला भारतात कुठलीही पात्रता लागत नाही. माझ्या बाबांचं मत नाशिक, हवा चांगली. मामीच्या बहिणीचं मत पुणे, कारण ती स्वतः पुण्यात. मामाच्या कॉलेजच्या मित्राचं मत गोवा, कारण त्याने तिथे घेतलेला फ्लॅट रिकामा पडलाय. आणि मामाच्या मनात पहिल्यापासून एकच, दापोली. म्हणजे दापोलीपासून चौदा किलोमीटरवरचं गाव, मामाचं घर, माझं आजोळ. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे ओटी, मागे नारळ-सुपारीचं आगर आणि आगराच्या टोकाशी उभं राहिलं की ऐकू येणारा समुद्र. न्यू जर्सीत बर्फ उपसताना एकतीस वर्षं ह्या माणसाच्या डोळ्यासमोर हेच होतं.

"तू इंजिनिअर ना? एक एक्सेल शीट कर," मामा एका शनिवारी सकाळी माझ्या फ्लॅटवर येऊन म्हणाला. "भावनेच्या भरात नको. डेटावर ठरवू."

आता मला असं काही सांगितलं की मी जेवणखाण विसरतो.

पहिली टॅब पैशाची. ती आम्ही दोघांनी एका दुपारी उरकली, कारण मामाचा अभ्यास तयार होता. इतकी वर्षं बाहेर राहून आलेल्या माणसाला सुरुवातीची दोन-तीन आर्थिक वर्षं करासाठी आरएनओआर असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. त्यामुळे तिकडची जी काही विकाविकी आणि आवराआवर करायची ती ह्या मुदतीत. तिकडची सोशल सिक्युरिटी इथे बसून मिळते. त्याचं वय असं की बासष्टला घेतली तर तीस टक्के कमी, सदुसष्टला पूर्ण. मेडिकेअर मात्र अमेरिकेबाहेरच्या उपचारांना सहसा काही देत नाही, म्हणजे इथला आरोग्यविमा हवाच. एप्रिल २०२४ पासून पासष्टीपुढच्यांनाही नवीन विमा घेण्याची दारं उघडली आहेत हे बरं, पण मामाला मधुमेह आहे, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती तीन वर्षं स्वतःच्या खिशातून. शिवाय मामा आता अमेरिकन नागरिक. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित घर-आगर नावावर आहे ते आहे, शेजारचा तुकडा घेऊन हापूस लावायचं स्वप्न बाद.

दुसरी टॅब खरी. रकान्यांत चार गावं, ओळींत निकष. हवा, पाणी, वीज, दवाखाना, इंटरनेट, विमानतळ, खर्च, शांतता. प्रत्येकाला दहापैकी गुण, प्रत्येक निकषाला वेटेज, शेवटी समप्रॉडक्ट. गोव्याला मोपाचा विमानतळ आल्यापासून प्रवासाचे गुण चांगले मिळाले, पण घरांच्या किमतीत मार खाल्ला. नाशिक सगळीकडे सात. (वर्गातल्या शहाण्या मुलासारखं. कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण नापासही होत नाही.) पुणे ट्रॅफिक आणि पाण्याच्या टँकरवर आपटलं. दापोली दवाखान्यात आणि इंटरनेटमध्ये मागे होती, पण मामाने 'शांतता' ह्या निकषाला तीस टक्के वेटेज देऊन ठेवलं होतं. दापोली पहिली आली.

"बघ!" मामा म्हणाला. "डेटा खोटं बोलत नाही."

डेटाला तू बोलायला लावलंस, असं मी मनात म्हणालो. मामी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "आधी आठ दिवस राहून येऊ या. तू पण चल रजा काढून, गाडी चालवायला."

नोव्हेंबरात गेलो. ताम्हिणी घाट उतरलो आणि मामाचा आवाजच बदलला. पुण्यात "अ‍ॅक्च्युअली" शिवाय वाक्य सुरू न करणारा माणूस एकदम "काय रे, कसो काय" वर आला. घराची साफसफाई गडी लावून करून घेतलेली होती. पहिले दोन दिवस स्वर्ग होता, खोटं कशाला बोलू. ओटीवर चहा, दुपारी सोलकढी, संध्याकाळी किनारा. मामाने ड्रिल मशीन काढून तीन फळ्या बसवल्या. मी लॅपटॉप उघडला, रेंज नाही म्हणून मिटला आणि पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आणि मामी वाडीत फिरायला गेलो. मामीने मोजायला सुरुवात केली. आमच्या वाडीत तेवीस घरं. त्यातल्या चौदा घरांना कुलूप. उरलेल्या नऊपैकी सहा घरांत एकटं माणूस किंवा दोन म्हातारी माणसं. हे आमच्याच वाडीचं नाही बरं का. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. देशभर माणसं वाढत होती त्या दहा वर्षांत इथे ऐंशी हजार कमी झाली. आणि हजार पुरुषांमागे बायका ११२२. मुली जास्त जन्मतात म्हणून नव्हे, पुरुष मुंबईला असतात म्हणून. मामा ज्याला शांतता म्हणत होता आणि ज्याला तीस टक्के वेटेज देत होता, ती ही शांतता. माणसं निघून गेल्यावर उरते ती.

शेजारच्या घरात आक्का राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मामाला त्यांनी लहानपणी खेळवलंय, त्यामुळे त्याला अजून "अरे बाळ्या" म्हणतात. त्या रात्री नेमकी वीज गेली आणि त्या कंदील घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसल्या. वीज हा विषय निघाला तसं ३ जून २०२० चं निसर्ग वादळ निघालं. त्या वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धन पट्ट्यातली आगरंच्या आगरं आडवी झाली. आक्कांच्या वाडीतली वीज यायला महिना लागला. आणि मग कसलाही आवाज न चढवता आक्का म्हणाल्या, "त्या पावसात तर ह्यांना नेलं मी."

झालं असं की वादळानंतर पंधरा-वीस दिवसांनी, रात्री दोनच्या सुमाराला काकांच्या छातीत दुखायला लागलं. फोनला रेंज नव्हती, टॉवर बंद. गाडी असलेला वाडीतला एकुलता एक मुलगा टाळेबंदीत मुंबईला अडकलेला. आक्का पावसात कंदील घेऊन खालच्या वाडीत चालत गेल्या, तिथल्या दोघांना उठवलं, त्यांनी टेम्पो काढला. दापोलीला पोचेपर्यंत साडेचार वाजले. तिथे डॉक्टरांनी तपासलं, आणि म्हणाले, अर्धा तास झाला.

कुणीच काही बोललं नाही. मामा कंदिलाची वात वर-खाली करत राहिला.

"मग आक्का, तुम्ही मुलाकडे नाही गेलात? ठाण्याला?" मामीने विचारलं.

"गेल्ये होत्ये की. तीन महिने. तिथे दहाव्या मजल्यावर काय करू? इथे सकाळी माझं दार उघडलं नाही तर आठाच्या आत खालच्या वाडीतली पोर बघायला येते. तिच्या बाळंतपणात मी होत्ये. तिच्या सासूच्या दुखण्यात मी होत्ये. मला इथे माणसं आहेत गो." आणि मग अगदी सहज, मामीकडे बघून म्हणाल्या, "तुला कोण आहे इथे?"

हा प्रश्न अजिबात टोचून विचारलेला नव्हता. चौकशीच होती ती. पण मामीने त्याचं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर बसलो होतो. मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या त्या शीटमध्ये माणसं किती धरलीयेस?"

"दोन. तू आणि मामा."

"एक धरून बघ."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि चहा घशाखाली उतरेना.

"म्हणजे... मामी, असं कसं..."

"असं कसं म्हणजे? दोघं एकदम जातात होय? मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांना डायबेटिस. आणि बायका तशाही जास्त जगतात. म्हणजे इथे राहण्याचा शेवटचा भाग माझ्या एकटीचा आहे. पाच वर्षं, दहा वर्षं, कुणास ठाऊक. मला इथली गाडी चालवता येत नाही. हे घर ह्यांचं, ही माणसं ह्यांची. इथे मी बाळ्याची बायको. बाळ्या गेल्यावर मी इथे कोण?"

मामा दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"म्हणजे मी आधी जाणार हे तू धरूनच चाललीयेस!" तो म्हणाला. हसत म्हणायचा प्रयत्न होता, पण जमलं नाही.

"बरं, मी आधी गेले असं धरा," मामी म्हणाली. "मग तुम्ही इथे एकटे. कुकर लावता येतो तुम्हाला? गोळ्यांच्या डब्यात वारानुसार गोळ्या कोण भरतं? तेही करून बघ रे शीटमध्ये."

त्यानंतरचे दोन दिवस घरात फारसं बोलणं झालं नाही. मामा आगरात एकटाच फिरायचा. मला त्याचा फार कळवळा आला. एकतीस वर्षं एखाद्या माणसाने एक चित्र जपलं, आणि आता त्या चित्रातून एका वेळी एकच माणूस काढून बघा म्हणून सांगितलं, तर काय वाटेल? शिवाय चूक त्याची नव्हती. त्याने कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याने फक्त तो दिवस धरला नव्हता. आपल्यापैकी कोण धरतो?

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, हॅपी पाथ. युजर शहाणा आहे, नेटवर्क चालू आहे, सर्व्हर उभा आहे, असं धरून केलेलं टेस्टिंग. नवीन मुलं तेवढंच करतात आणि "सर, टेस्ट केलं" म्हणून सांगतात. मी त्यांना झापतो. आणि इथे मी स्वतः माझ्या मामा-मामीच्या पुढच्या तीस वर्षांचं टेस्टिंग फक्त हॅपी पाथवर करून मोकळा झालो होतो. दोघं ठणठणीत, दोघं जिवंत, मामाला रात्री गाडी चालवता येतेय, जिना चढता येतोय. मामीने काढलेली केस ही काही लाखात एखाद्या वेळी येणारी अडचण नाही. ती प्रत्येक जोडप्याच्या वाट्याला येतेच. फक्त आधी कोण, एवढंच ठरायचं असतं.

पुण्याला परत आल्यावर मामा स्वतःच म्हणाला, "काढ ती शीट."

नवीन टॅब केली. आता प्रत्येक गावाला दोन रकाने, 'मामी एकटी' आणि 'मामा एकटा'. निकषही बदलले, आणि गंमत म्हणजे ते सगळे मामीने सांगितले. गाडी न चालवता औषधाचं दुकान गाठता येतं का? रात्री दोन वाजता ज्याची बेल वाजवता येईल असं दार किती पावलांवर आहे? (मुलाला फोन लागेल हो. इथे रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात सिअ‍ॅटलला दुपारचा दीड. तो लगेच उचलेलही. पण इथे पोचायला त्याला दीड दिवस.) लिफ्ट बंद पडली तर किती मजले? पोळ्यांना बाई मिळते का? दिवसात एकदा तरी कुणाशी तरी बोलणं होतं का, न ठरवता? आणि शेवटचा निकष मामाने घातला. आपण कुणाच्या उपयोगी पडू का? "आक्कांचं ऐकलंस ना," तो म्हणाला. "त्या आधी गेल्यात दुसऱ्याकडे. म्हणून दुसरी येते त्यांच्याकडे. एकतीस वर्षं मी कुणाच्या बाळंतपणाला, दुखण्याला, मयताला नव्हतो रे. पैसे पाठवले मी. पण पैसे पाठवणं आणि टेम्पोत मागे बसणं ह्यात फरक आहे."

मला वाटतं सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात खरं वाक्य. आपण जागा शोधतो तेव्हा हवापाणी बघतो, व्ह्यू बघतो. पण म्हातारपणी जागा म्हणजे बरीचशी माणसं, आणि ती तयार मिळत नाहीत, काही वर्षं देऊन मिळवावी लागतात. आक्कांनी पन्नास वर्षं दिली होती. मामा-मामींकडे आता हातीपायी धड अशी दहा-पंधरा वर्षं आहेत. ती वर्षं जिथे घालवतील तिथे मागे राहणाऱ्याला माणसं असतील. समुद्र बघत एकांतात घालवली, तर मागे राहणाऱ्याला समुद्र असेल.

शेवटी काय ठरलं? कर्वेनगर. जुनी सोसायटी, तीन मजली, बावीस बिऱ्हाडं, पहिला मजला. मामीची बहीण पायी आठ मिनिटांवर. खाली किराणा, समोर औषधाचं दुकान, कोपऱ्यावर ग्रंथालय. विकत नाही घेतलं, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने. हा सल्ला मात्र माझा. आधी राहून बघा, मग घ्या. ज्येष्ठांसाठी बांधलेले गृहप्रकल्पही बघितले आम्ही पुण्यात. घंटा दाबली की माणूस येतो, जेवणाची सोय, सगळं चांगलं. मामी म्हणाली, "पंच्याहत्तरीला बघू. आत्ता मला थोडी लहान मुलं दिसू देत जिन्यात."

गावचं घर विकलं नाही. कौलं शाकारून घेतली, आणि दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत अधूनमधून जाऊन राहायचं ठरलंय. मामाला मी विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, "वाटतं की. पण आपल्या मुरूडचेच ना महर्षी कर्वे. दापोली तालुक्यातलेच. त्यांनीसुद्धा विधवा बायकांसाठी आश्रम काढला १८९६ साली, तो गावात नाही, पुण्यात. पुढे हिंगण्याला. त्याच हिंगण्याचं आता कर्वेनगर झालंय. मी आपला त्यांच्याच वाटेने आलोय म्हण." मामीने त्याला कोपराने ढोसलं. बऱ्याच दिवसांनी दोघं हसले.

त्या ड्रिल मशीनने मामाने आत्तापर्यंत सोसायटीतल्या पाच घरांत पडद्याचे रॉड बसवून दिलेत. फुकट. आता जिन्यात त्याला "काका" म्हणून हाक मारतात.

आता माझं.

मला म्युनिकच्या ऑफिसमधून बोलावणं आलंय. दोन वर्षं, नंतर वाढू शकतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई-बाबा खूश झाले. ते दोघंच असतात, सांगलीला. मीही पगार, टॅक्स, भाडं असली शीट केली होती. मामीच्या त्या प्रश्नानंतर ती परत उघडली, तर त्यात एकच माणूस होतं. मी.

गेल्या रविवारी सांगलीला गेलो. जेवण झाल्यावर आईला विचारलं, "आई, तुमच्यातलं एक कुणी राहिलं, तर कुठे राहायचं ठरवलंयत?" मला वाटलं ती रागावेल. ती टेबल पुसत म्हणाली, "आम्ही कधीच बोललोय ते. इथेच. तू जा खुशाल. फक्त समोरच्या कुलकर्ण्यांचा नंबर तुझ्याकडे नाहीये, तो घेऊन ठेव."

खरंच नव्हता. जन्मापासून समोर राहतात.

घेतला. मग बाबांना घेऊन खाली उतरलो आणि आणखी सहा घरांचे घेतले. प्रत्येक घरी चहा झाला, त्यामुळे दुपार गेली. म्युनिकला काय कळवायचं ते अजून ठरलेलं नाही. बुधवारपर्यंत मुदत आहे.